एकास चोवीस

दिवसभर कुर्टीच्या गॅरेजात
खऱ्या गाड्यांचे पोचे काढतो, पुट्टी भरतो.
नऊनंतर, जेवण झालं की,
त्याच हातांनी चोवीसपट लहान होतो.

बायको म्हणते, पोट भरलं नाही का पत्र्यानं?
भरलं. म्हणून तर.
मोठ्या गाडीचा मालक डोक्यावर उभा असतो,
विम्याचा माणूस पोच्यावर पट्टी धरतो.
छोटीला घाई नाही.
आठशेचा पेपर, मग बाराशे, मग दोन हजार,
मग अंगठ्याची नुसती कातडी.

आषाढात रंग मारू नये
हे मी तीन बोनेट घालवून शिकलो.
हवेतलं पाणी लॅकरमध्ये शिरतं,
नारिंगीवर दुधी साय धरते.
आता रंगवलेली केबिन उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवतो,
आणि पेजेला कधी थिनरचा वास आला
तर घरात सगळे माझ्याकडे बघतात.

सावर्ड्याचा उल्हास गावस फोनमधला फोटो घेऊन आला.
दहा चाकी टिप्पर. खाण बंद झाल्यापासून
फणसाखाली उभा, सात पावसाळे,
आरशावर कारांद्याची वेल चढलेली.
शेवटी किलोवर गेला.
"तसोच जाय," म्हणाला, "डावो मडगार्ड चेपिल्लो."

चार महिने लागले.
हौदा दूध पावडरच्या डब्याच्या पत्र्याचा,
स्टिअरिंग तांब्याच्या तारेचं,
मागचे दिवे गोळीच्या लाल कागदाचे,
काच रक्तदाबाच्या पाकिटाची (पाकीट माझंच).
कपाळावर 'शांतादुर्गा प्रसन्न' लिहिताना
ब्रशला केस उरले होते तीन.
दुर्गेच्या रफाराला त्यातले दोन पुरले.
मडगार्डनं मात्र एक पूर्ण रात्र खाल्ली.
आयुष्य पोचे काढण्यात गेलं,
घालायचा कसा ते हाताला शिकवावं लागलं.

गावसनं दोन्ही हातांत घेतला, उलटा केला,
खालचा शाफ्टसुद्धा पाहिला.
मग हळूच,
"इतलो नितळ तो केन्नाच नाशिल्लो."

खरंच. त्या रस्त्यावर तेव्हा झाडं लाल होती,
दोरीवरचे कपडे, कुत्री, शाळेतून येणारी पोरं.
पुढच्या रविवारी त्यानं धूळ आणली.
विकण्याआधी सीटखालून,
हौद्याच्या कोपऱ्यांतून झाडून घेतलेली,
फेणीच्या बाटलीत, बूच लावून.

चिमूटभर वस्त्रगाळ केली, भिंगाखाली धरली.
नाही जमलं.
पत्रा लहान होतो, नट लहान होतो,
देवीचं नावही लहान होऊन बसतं निमूट.
धूळ होत नाही.
एक कण बोनेटवर पडला
तो दरड कोसळल्यासारखा.
मग गेरू आणि टाल्कम, कापसाच्या बोळ्यानं,
चाकांवर, दारांखाली,
काचेवर वायपरचा अर्धगोल तेवढा सोडून.
आणि बाटली परत द्यायला म्हणून उचलली.

उचलली, आणि बघत राहिलो.
कण चोवीसपट: खडी.
खडा चोवीसपट: ढेकूळ.
हे तर खनिज.
बाटली हौद्यात उपडी केली.
बोटानं वर डोंगर केला, जसा लोडर करायचा.

गावस आला. बराच वेळ गप्प.
पंखा बंद होता, तरी हौद्याभोवती हात आडवा धरला.
किती टन, मी विचारलं.
"धा. न्हय... चवदा. ओव्हरलोड."
खिशातला रुमाल काढून उलगडला,
वर पांघरला, चारही टोकं खोचली.
"ताडपत्री नासल्यार फायन मारतात."

पैसे मोजून दिले, बस पकडली,
ड्रायव्हरच्या बाजूची सीट, मांडीवर टिप्पर.
बस सुटताना ऐकू आलं,
त्याला सांगत होता,
"वळणार सावकाश रे, भरिल्लो आसा."